मदत हवी आहे: एक्सकॉममध्ये आधी उपग्रह की चिलखत?

नमस्कार मंडळी, नागपुरातून विचारतोय. 2012 चा ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ हा परग्रहवासीयांशी लढायचा व्हिडिओ गेम क्लासिक या कठीण पातळीवर, आयर्नमॅन चालू ठेवून खेळतोय. सेव्ह एकच, त्यामुळे चाल गेली की गेली. खरी मजा त्यातच आहे, म्हणून तो बंद करायचा सल्ला कृपया नको.

लढाईत निभतंय. अर्ध्या आडोशाला 20 बचाव, पूर्ण आडोशाला 40. त्यामुळे शिपाई मी भिंतीभिंतीनेच पुढे नेतो आणि मागचे दोघं ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की गोळी झाडायच्या तयारीत) ठेवतो. अडतंय ते जगाच्या नकाशावर. परग्रहवासी माणसांचं अपहरण करतात, त्या तीन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी जाता येतं, बाकी दोन्हीकडे घबराट वाढते. महिनाअखेर आली की घबराटीने लाल झालेले देश आपल्याला पैसा पुरवणारी परिषद सोडू लागतात. 16 पैकी 8 गेले की सगळंच संपलं.

उपग्रह सोडला की त्या देशातली घबराट उतरते, हे ठाऊक आहे. पण तो तयार व्हायला 20 दिवस लागतात, वर तळावर अपलिंक (उपग्रह सांभाळणारं केंद्र) हवं आणि त्यासाठी इंजिनियर. सगळा पैसा तिकडे घातला तर पोरं साध्या चिलखतावर आणि साध्या बंदुकांवर क्रिसॅलिड या परग्रही प्राण्यासमोर उभी राहतात. तो नागरिकांचे झोंबी करत सुटतो, ते बघवत नाही हो.

तर पहिल्या महिन्यात तुम्ही पैसा कशात घालता? उपग्रह महिनाअखेरपर्यंत राखून सर्वांत घाबरलेल्या देशावर सोडता का? आणि 30 टक्के जादा उत्पन्नासाठी तळ आफ्रिकेत घेणं क्लासिकवर परवडतं का? ज्यांनी आयर्नमॅन पूर्ण केलाय, त्यांनी जरा सविस्तर सांगा.