गाईची जीभ कडक झालीय, गाय गाभण आहे: आयोडाइड द्यावं का?

मदत हवी आहे. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय, तिसरं वेत, पाच महिन्यांची गाभण, दूध चालू. गेल्या आठवड्यापासून लाळ गळतेय, जीभ थोडी बाहेर राहते. वैरणीजवळ जाते, पण जिभेने पेंडी ओढताच येत नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे जीभ अडली की खाणंच अडलं.

तोंड उघडून पाहिलं. जिभेच्या मागच्या उंचवट्यापुढे जी खाच असते, तिथे जखम आणि आत रुतलेली कुसळं. बाजूचा भाग दाबला तर लाकूड. जबड्याखालीही सूज आहे. फोड नाहीत, खुरं स्वच्छ, ताप नाही, बाकी जनावरं ठणठणीत, म्हणजे लाळ्या खुरकूत वाटत नाही. पिसाळल्याची शंका नको म्हणून हातमोजे घालूनच तपासलं.

डॉक्टरांनी 'लाकडी जीभ' (जखमेतून जंतू शिरून जीभ कडक होण्याचा आजार) सांगितलं. कुसळं काढली, पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने तोंड धुतोय, प्रतिजैविकाची इंजेक्शनं चालू आहेत. लाळ कमी झाली, कडकपणा तसाच. सध्या भिजवलेली पेंड आणि बारीक कुट्टी देतोय, ती कशीबशी खाते.

आता शिरेतून सोडियम आयोडाइड (या आजारावरचं आयोडीनयुक्त औषध) द्यायचा विचार आहे, पण गाभण जनावरात गर्भपाताचा धोका असतो म्हणून डॉक्टरही थांबलेत. दूध डेअरीला घालत नाही, त्यामुळे दुधात उतरणाऱ्या औषधाचा प्रश्न नाही.

गाभण गाय नुसत्या प्रतिजैविकावर पूर्ण बरी झाल्याचा अनुभव कुणाला आहे का? कोणतं औषध, किती दिवस, आणि जीभ मऊ पडायला किती वेळ लागला?