जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जातेय: हिरोशिमा घेऊ की सायतामा?

प्रश्न: वाचक_मृ

नमस्कार मंडळी. एका डिस्पॅच कंपनीकडून (शाळांना शिक्षक पुरवणारी खासगी कंपनी) एएलटीची, म्हणजे सरकारी शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं आहे. पगार महिना 2 लाख 40 हजार येन. दोन जागांपैकी एक निवडायला सांगितलंय: हिरोशिमा शहरातल्या प्राथमिक शाळा किंवा टोक्योला लागून असलेल्या सायतामातली एक माध्यमिक शाळा. सगळे म्हणतात टोक्योजवळ राहा, फिरायला बरं. मी शाकाहारी आहे, जपानी जेमतेम वाचता येतं. तिथे राहिलेल्यांनी मोकळेपणाने सांगावं. फिरण्याची हौस खूप आहे, पण पैसे घरीही पाठवायचे आहेत.

प्रतिसाद: निशिकासाईकर

मी आयटीतला, शिकवण्यातलं कळत नाही. राहण्याबद्दल सांगतो. टोक्योच्या एदोगावा वॉर्डात निशिकासाईला भारतीय किराणा, पीठ, डाळी सगळं मिळतं. आपले मराठी लोकही भरपूर आहेत. याच वॉर्डातून 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले होते. सायतामा घेतलंत तर रविवारी इथे येऊन महिन्याचं सामान नेता येईल. घर शोधताना यूआर या सरकारी गृहसंस्थेची घरं बघा. रेइकिन, म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, नाही, दलाली नाही, जामीनदारही लागत नाही. फक्त डिपॉझिट आणि उत्पन्नाची अट आहे.

प्रतिसाद: सेतोउची

मृ, मी हिरोशिमात एएलटी म्हणून काम केलंय, आणि माझं मत स्पष्ट आहे: हिरोशिमा घे. शहर फिरण्यासाठी निवडू नकोस, रोज सकाळी साडेसातला घराबाहेर पडण्यासाठी निवड. फिरणं त्यातून आपोआप होतं.

प्राथमिक शाळा मिळतेय हे तर फारच छान. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय, आणि तिसरी-चौथीला खेळ, गाणी, बोलणं. या वयाची मुलं लाजत नाहीत. माझ्या चौथीच्या वर्गात एकदा मी मुलांची नावं देवनागरीत लिहून दिली. जपानीची काताकाना लिपीही अक्षरागणिक उच्चाराची, त्यामुळे नावं सहज बसतात. पुढच्या आठवड्यात बघते तर एका मुलाने ती चिठ्ठी पेन्सिलच्या डब्यावर चिकटपट्टीने लावलेली, आणि दोन मुली 'आईचं नाव पण लिहा' म्हणून कागद घेऊन उभ्या. त्या दिवशी धडा पुढे सरकला नाही, पण मुख्य शिक्षिकाबाईंनीच मला फळ्यावर त्यांचं स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. माध्यमिकमध्ये परीक्षेचं ओझं असतं आणि तू बहुतेक वेळ उच्चार वाचून दाखवत राहशील. काही शाळा अपवाद असतील.

जेवणाचं मात्र आधीच ठरव. दुपारचं क्युशोकू, म्हणजे शाळेतलं जेवण, मुलांबरोबर वर्गातच जेवायचं असतं, आणि साध्या दिसणाऱ्या भाजीतही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतं. पहिल्याच दिवशी शाळेला 'मी डबा आणेन' असं नम्रपणे सांग. कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट मुलं डब्यात काय आहे ते बघायला गोळा होतात. दूध मिळतंच. डाळ-पीठ ऑनलाइन मागवता येतं, त्यासाठी टोक्योजवळ राहायची गरज नाही.

आता शहराबद्दल. हिरोशिमात ट्रामने शाळेत जाता येतं, गर्दीच्या लोकलमध्ये चेंगरायला होत नाही. या ट्रामचं मला फार अप्रूप आहे. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला, आणि 9 ऑगस्टला एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती. बॉम्बहल्ल्यात सापडलेल्या 651 आणि 652 या गाड्या आजही धावतात. शांतता उद्यानात 6 ऑगस्टला सकाळी सव्वाआठला घंटा होते आणि संध्याकाळी मोतोयासू नदीत कंदील सोडतात. ते पर्यटक म्हणून नाही, त्या शहराची रहिवासी म्हणून बघ. मुलं शाळेत हजार कागदी सारस दुमडून सादाकोच्या, म्हणजे बॉम्बच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून वारलेल्या मुलीच्या, स्मारकाला नेतात, तुझ्याही हातात कागद देतील. मनापासून दुमड.

फिरणं: मियाजिमा बेट तर हाकेच्या अंतरावर. ओहोटीची वेळ बघून जा, समुद्रातल्या तोरीपर्यंत, म्हणजे देवळाच्या कमानीपर्यंत, चालत जाता येतं. ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत सत्तर किलोमीटरचा शिमानामी काईदो, सायकलवर, बेटांवरून बेटांवर. क्योतो शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पावणेदोन तासांत, फुकुओकाचं हाकाता स्थानक तासाभरात. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: कामाच्या व्हिसावर असलेल्यांना जेआर पास, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वेने हवं तितकं फिरायचा पास, मिळत नाही, तो फक्त पर्यटकांसाठी. तसाही 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा पास 29,650 वरून 50,000 येन झाला. आई-बाबा भेटायला आले तर त्यांना काढता येईल, तेही हिशेब करून.

प्रतिसाद: हाकाता_वाली

सेतोउचीताईंना अनुमोदन. मी फुकुओकात एइकाइवात, म्हणजे खासगी संभाषण वर्गात शिकवते. दुपारी एक ते रात्री नऊ, सुट्टी रविवार-सोमवार. सोमवारी दाझाइफूच्या देवस्थानाला गर्दी कमी असते हा फायदा, पण मित्रमैत्रिणींची सुट्टी जुळत नाही. शाळेची वेळ मिळतेय तर ती सोडू नकोस. पहिली पगाराची तारीख मात्र विचारून घे. एप्रिलला रुजू झालेल्यांना बरेचदा मेअखेर हातात पैसे येतात.

मृ

सर्वांचे मनापासून आभार! घरी पाठवायला किती उरेल? आणि कंत्राटात काय बघू?

प्रतिसाद: सेतोउची

पहिल्या वर्षी बरं वाटेल, कारण रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो. तो दुसऱ्या वर्षाच्या जूनपासून सुरू होतो आणि तेव्हा बऱ्याच जणांना धक्का बसतो. आतापासून महिन्याला थोडे बाजूला ठेव.

कंत्राटात आधी बघ: शाकाई होकेन, म्हणजे कंपनीमार्फतचा आरोग्य विमा आणि पेन्शन, आहे का. नसेल तर आरोग्य विमा आणि पेन्शन दोन्ही तुझ्याच खिशातून, त्यात नुसती पेन्शनच महिन्याला 17 हजार येनच्या वर जाते. ऑगस्ट आणि डिसेंबरच्या सुट्टीत पूर्ण पगार आहे की तासाप्रमाणे कापतात, हेही लेखी हवं. 'साधारण मिळतो' हे उत्तर ऐकून घेऊ नकोस. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला ऑगस्टमध्ये अर्ध्याहून कमी पगार आला, आणि कलम कंत्राटात होतं. तिने वाचलं नव्हतं असं नाही, जपानी प्रतीत होतं आणि इंग्रजी प्रतीत नव्हतं. म्हणून दोन्ही प्रती माग.

व्हिसासाठी बारा वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचे दाखले लागतात. शाळा, कॉलेज प्रत्येकाचं वेगळं पत्र आत्ताच काढून ठेव, तिथून ही कागदं मागवणं जिवावर येतं. आणि पोचल्यावर घर पक्कं झालं की चौदा दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याशिवाय बँक, फोन काहीच पुढे सरकत नाही.

सुट्टीच्या पगाराचं कलम आलं की इथे लिही, मी बघून सांगते.