मदत हवी आहे: मेटल गिअर सॉलिड ५ – सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, रात्रीची घुसखोरी जमेना

नमस्कार मंडळी,

गेम मेटल गिअर सॉलिड ५ द फँटम पेन, शत्रूच्या छावण्यांत लपूनछपून शिरायचा, पीसीवर. २०१५ चा गेम आता काय विचारतो, असं म्हणू नका. सेकंडहँड ग्राफिक्स कार्डावर इतका गुळगुळीत चालणारा एवढा मोठा ओपन वर्ल्ड मला तरी दुसरा सापडला नाही. आणि दारव्ह्याकडच्या आमच्या गावात नेटचा जो वेग आहे, त्यात नवीन गेम उतरवायचा म्हटलं तर सोयाबीन काढून होईल.

अडकलोय मिशन १२ वर. अफगाणिस्तानातली ती मधली मोठी रशियन छावणी ओलांडून सेराक पॉवर प्लांटला जायचं आणि तिथून एमेरिक या शास्त्रज्ञाला बाहेर काढायचं. माझी पद्धत पहिल्यापासून एकच: उतरायचं रात्री, टेकडीवर पडून दुर्बिणीने एकेकावर खूण मारून घ्यायची, मग ट्रँक (झोपेच्या डार्टच्या) पिस्तुलाने डोक्यात एक डार्ट. गडी आडवा झाला की त्याला उचलून नेणारा फुल्टनचा फुगा लावून आपल्या बेसवर रवाना. जीव कोणाचाच घ्यायचा नाही, हे मी ठरवूनच बसलोय.

आता झालंय असं, की निम्म्याहून जास्त पहारेकरी हेल्मेट घालून फिरतात. डार्ट लागतो, टणकन आवाज होतो आणि तो गर्रकन वळतो. अंगावर मारला तर झोप यायला वेळ लागतो, तोवर तो रेडिओवर सांगून मोकळा. वर अंधारात दिसायचे गॉगल. मी गवतात पोटावर पडून, जरासुद्धा न हलता, आणि तो लांबून सरळ माझ्याकडेच चालत येतो! सायलेन्सर तर अर्ध्या रस्त्यातच संपतो.

हे हेल्मेट-गॉगल कमी होतात का, की आता शेवटपर्यंत असंच? आणि गॉगलवाल्यांमधून जायचं कसं? अजून एक, आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. छावणीच्या मधोमध पोचलो की नेमकी जाते. मध्येच सेव्ह करायची काही सोय?

प्रतिसाद – रोहीत्रस्त

भाऊ, गेम तुमच्यावर डूख धरून आहे, आणि तो मुद्दाम तसाच बनवलाय. तुम्ही जे जास्त करता त्याचा हिशेब आत ठेवला जातो. डोक्यात मारत राहिलात की हेल्मेट येतात, रात्रीच गेलात की गॉगल येतात, धूर-गॅस वापरत राहिलात की तोंडाला मास्क. आमच्या हरभऱ्यातल्या रोह्यांचं (नीलगायींचं) हेच आहे. बुजगावणं चार दिवस, फटाके आठ दिवस, नंतर फटाका फुटला तरी मान वर करत नाहीत. रोज नवीन काहीतरी करावं लागतं.

कमी करायचे दोन रस्ते. एक, चाल बदला. डोकं सोडून मागून जाऊन गळा आवळा, दिवसा जा. जुनी सवय सुटली की त्या सामानाचा जोर हळूहळू उतरतो. दुसरा म्हणजे आय-ड्रॉइडमध्ये (गेममधलं नकाशा-मेनूचं यंत्र) बेसवरच्या लढाऊ तुकडीला कामगिरीवर पाठवायचा मेनू उघडला असेल तर तिथे बघा. शत्रूचा हेल्मेटांचा साठा उडवणे, गॉगलचा साठा उडवणे अशा मोहिमा येतात. माणसं पाठवा, ती परत आली की काही काळ पहारेकरी बोडके फिरतात. पण जुनी पद्धत चालू ठेवली तर नवीन माल येतोच.

प्रतिसाद – यवतमाळची पोट्टी

दादा, आधी रात्र सोडा! हेलिकॉप्टरने उतरताना वेळ निवडता येते, सकाळी ६ किंवा संध्याकाळी ६. सकाळचे घ्या. गॉगल अंधारासाठीच असतात, उजेडात त्यांचा धसका नाही. आणि पहाऱ्याची पाळी बदलते तीसुद्धा त्याच सुमारास, तेव्हा जागा सोडून चालणारे बरेच असतात. मध्येच वेळ पुढे ढकलायची तर फँटम सिगार आहेच.

बरेच जण आत शिरून आधी छावणीची वीज तोडतात. समोरच्याकडे गॉगल असताना हे उलटं पडतं. त्याला दिसतं आणि आपणच चाचपडतो. त्यापेक्षा रेडिओची यंत्रणा उडवा. मग एखाद्याने पाहिलं तरी बाहेरून कुमक बोलावता येत नाही.

हेल्मेटवाला समोरासमोर असेल तर चेहऱ्यावर नेम धरा, चेहरा उघडाच असतो. नाहीतर रिकामं मॅगझिन फेका. फुकट आहे, कितीही फेका. तो आवाजाकडे वळला, पाठ दिसली की धरा. धरलेल्याला लगेच झोपवू नका, चौकशी करा, बाकीचे कुठे आहेत ते तो सांगतो.

आणि प्रत्येकाला फुगा लावायचा हट्ट कशाला? वर जाताना तो गडी ओरडतो, शेजारच्याला ऐकू जातं. छप्पराखाली फुगा लागतही नाही. तुम्हाला एमेरिक हवाय, पूर्ण पलटण नको. छावणी साफ न करता कडेकडेने निघून गेलं तरी चालतं.

डी-डॉग पाळलाय ना? छोटं पिल्लू दिसलं तेव्हा उचलून बेसवर पाठवलं असेल तर आता मोठं झालं असेल. वासावरून पहारेकरी तोच हुडकतो, दुर्बिणीचं निम्मं काम वाचतं.

प्रतिसाद – निवांत

एवढी डोकेफोड कशाला. सायलेन्सरवाली रायफल घ्या, सरळ उडवा आणि पुढे व्हा.

धागाकर्ता

@निवांत, ते जमलं असतं तर धागा कशाला काढला असता राजेहो.

@पोट्टी ताई, कुत्रा आहे, पण मी घोडाच घेऊन फिरत होतो. रेडिओचं लक्षातच आलं नव्हतं. लाईटचं काय करू?

प्रतिसाद – रोहीत्रस्त

हवं तिथे सेव्ह या गेममध्ये नाही. ठरावीक टप्पा गाठला की चेकपॉइंट आपोआप पडतो, मध्येच बंद झालं की मागच्या चेकपॉइंटवर. त्यामुळे इन्व्हर्टरवर जेवढा वेळ मिळतो त्यात छावणी ओलांडायची. हे दिवसा, न थांबता, कडेकडेने केलं तर बसतं. सायलेन्सर झिजला की सप्लाय मागवा, नवीन येतो. पेटी वरून पडते, ती पहारेकऱ्याच्या डोक्यावर पडली तर तोही गार. मला हा प्रकार लय आवडतो.

धागाकर्ता

सकाळी ६ ला उतरलो, कुत्रा सोबत. रेडिओ उडवला, फुगा एकालाही लावला नाही. दोघांनी पाहिलं, पण कोणी पाहिलं की गेममध्ये क्षणभर वेळ मंदावते ना, त्या क्षणात चेहऱ्यावर डार्ट बसला. एमेरिक मिळाला. आणि बाहेर पडलो तर ते धिप्पाड यंत्र मागे लागलं! त्याच्यापासून पण लपता येतं का, की लढायचंच?

प्रतिसाद – यवतमाळची पोट्टी

लढू नका. आडोसा धरत धरत हेलिकॉप्टरच्या जागेपर्यंत पोचायचं, बस. त्याची नजर दुसरीकडे असेल तेव्हाच मोकळ्या जागेतून पळा. आणि लाईट असतानाच करा हे.