लाखेच्या रेकॉर्डची लेबलं पुसत चालली आहेत, ठेवायच्या कशा?

माजघर:
नमस्कार मंडळी. चिपळूणच्या घरातल्या आजोबांच्या रेकॉर्ड आता डोंबिवलीला माझ्याकडे आल्यात. २०२१ च्या पुरात त्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. मोजून ११८ आहेत. त्यातल्या साधारण ८० लाखेच्या, ७८ च्या गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे), दहा इंची; उरलेल्या विनाइलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, एलपी आणि थोड्या ईपी. नाट्यगीतं, भावगीतं, दोनचार कीर्तनं असा ऐवज आहे.

वाजतात अजून बऱ्या. दुखणं लेबलांचं आहे. काहींवरचा कुत्रा आणि कर्णा ओळखू येतो, पण गायकाचं नाव गेलंय. काहींच्या भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा आहेत. दोन प्लेटा तर कोणाच्या आहेत तेच कळत नाही. सध्या सगळ्या जुन्या तपकिरी कव्हरांत, एका ट्रंकेत आडव्या रचल्यात. आई म्हणते, लेबलांवर पारदर्शक टेप लावून टाक. मला धीर होत नाही. उभ्या ठेवू की आडव्या? कव्हरं बदलू का? अनुभवी लोकांनी सांगा.

तबकडीवेडा:
टेप लावू नका. आधी एवढं वचन द्या, मग पुढचं सांगतो. टेपचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो आणि काढायला गेलात की अक्षरं त्याच्यासकट येतात.

आता लेबल झिजतं कशानं? पुष्कळांना वाटतं वाजवून. वाजवताना लेबलाला कोण हात लावतं? ते झिजतं शेजाऱ्यामुळे. तुमची ती तपकिरी कव्हरं नीट बघा. दोन्ही बाजूंना मधोमध गोल खिडकी कापलेली असेल. दुकानदाराला रेकॉर्ड बाहेर न काढता नाव वाचता यावं म्हणून ती सोय होती. पण अशी दोन कव्हरं एकमेकांना टेकली की खिडकीसमोर खिडकी येते आणि लेबलाला लेबल भिडतं. त्यातून एक ओढून काढली की दुसरीवर घासलीच.

शिवाय लाखेची प्लेट म्हणजे निव्वळ लाख नव्हे. लाख सांधायला, बाकी बहुतेक दगडाची पूड. पोलादी सुई तिच्यावर घासून स्वतः झिजते आणि काळी भुकटी मागे ठेवते. ती भुकटी दोन लेबलांमध्ये सापडली की पॉलिश पेपरचं काम करते. ट्रंकेत आडवी चळत असेल तर वरच्या पन्नास रेकॉर्डचं ओझंही त्यावर, आणि हवी असलेली नेमकी तळाशी.

म्हणून उभ्या ठेवा. अगदी सरळ, न झुकवता. झुकलेली रेकॉर्ड वाकते. फार घट्टही नको. दोन बोटं घालून एक बाहेर काढताना शेजारची हलता कामा नये. दर चारसहा इंचांवर पूर्ण उंचीची फळी उभी करा. प्लेट नेहमी कव्हरासकट काढायची, नुसती ओढायची नाही.

कुडाळकरीण:
वरच्या सगळ्याला दुजोरा. कोकणातलं म्हणून थोडं जोडते. आमच्याकडे घासण्यापेक्षा बुरशीनं जास्त लेबलं खाल्ली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावलं होतं, पावसाची झड तिकडूनच येते. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, खालचा कप्पा रिकामा ठेवला, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दारं उघडी टाकते. उन्हात मात्र कधीच नाही. विनाइल तर अर्ध्या तासात पापडासारखी होते.

कसर हे दुसरं संकट. तिला कागद आणि खळ दोन्ही आवडतं. डांबरगोळ्या मी घालत नाही, कव्हरांचा वास वर्षानुवर्षं जात नाही. पोथ्यांना घालतात तसं वेखंड पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवते. ते किती उपयोगी याबद्दल घरात दोन मतं आहेत. झाडलोट मात्र नक्की उपयोगी.

सांगलीचा_फोनो:
मी एका जुन्या ग्रामोफोन दुरुस्तीवाल्याकडे पाहिलंय, ते लेबलाला पातळ व्हार्निश मारायचे. मस्त चकचकीत दिसतं. करून बघा एखाद्यावर.

तबकडीवेडा:
नका हो! लाकडाला पॉलिश करणारा लाखेच्या पापड्या कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्ये. म्हणजे स्पिरिट लाख विरघळवतं. व्हार्निश, थिनर, सॅनिटायझर, टीव्ही पुसायचा फवारा, यांतलं काहीही ७८ च्या प्लेटजवळ आणायचं नाही. लेबलाच्या बाहेर एक थेंब ओघळला की तिथल्या खाचा गेल्या.

आणि लेबल हे वरून डकवलेलं तिकीट नसतं. गरम लाखेच्या गोळ्याच्या खाली-वर कागद ठेवून सगळं एकदम दाबतात, त्यातच तो बसतो. गोंद नाही. म्हणून ते सहसा सुटत नाही, पण भिजलं की फुगतं, आणि वाळल्यावर सुरकुत्या राहतात. धूळ झटकायची तर मऊ कोरड्या ब्रशनं, लेबलाकडून कडेकडे. लेबलावरची बुरशीसुद्धा कोरडीच झटकायची, तीही घराबाहेर, नाकावर फडकं बांधून.

सांगलीचा_फोनो:
बरं झालं सांगितलंत. माझी एक बिघडली होती, कारण आज कळलं.

रेडिओग्राम६५:
भोकाभोवतीच्या जाळ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्या रेघा ठेवण्यातून येत नाहीत, त्या आपल्या घाईच्या. प्लेट न बघता तबकावर टाकायची आणि मधली दांडी भोकात सापडेपर्यंत इकडेतिकडे सरकवायची. दांडीचं टोक प्रत्येक वेळी लेबलावर एक रेघ ओढतं. आमच्याकडे रेडिओग्राम होता, सात-आठ रेकॉर्ड एकावर एक लावायच्या आणि त्या एकेक करून खाली पडायच्या. केवढी चैन वाटायची! फिरत्या रेकॉर्डवर दुसरी आदळायची आणि क्षणभर घसरायची, लेबलावर लेबल. त्या काळातल्या माझ्या एकाही एलपीचं लेबल धड नाही.

आणखी एक. चावीच्या फोनोवर गाणं संपल्यावर सुई उचलायला कोणी धावलं नाही तर काही प्लेटांवर ती थेट लेबलावर चढते. तुमच्या लेबलांच्या कडेला वर्तुळाकार ओरखडे असतील तर ते आजोबांच्या डुलकीचे समजा.

माजघर:
हसलो! आजोबा खरंच खुर्चीत झोपायचे. ओरखडे आहेत, सहा-सात प्लेटांवर.

कव्हरांचं काय करू? जुनी फेकू का? नवीन साधी, खिडकी नसलेली घ्यायची असं म्हणताय ना?

तबकडीवेडा:
फेकायची कशाला! त्या कव्हरांवर जुन्या दुकानांच्या जाहिराती असतात, पत्ते असतात. तो वेगळा इतिहास आहे. ती सपाट करून मोठ्या पाकिटात एकत्र ठेवा. कुठलं कव्हर कोणत्या प्लेटचं ते पेन्सिलनं बारीक लिहा. शाईचं पेन नको.

प्लेटांना खिडकी नसलेली, गुळगुळीत, आम्लमुक्त कागदाची पाकिटं. मिळेपर्यंत दोन जुन्या कव्हरांच्या मध्ये एकेक कोरा, जाडसर, गुळगुळीत कागद घाला. एवढ्यानंही अर्धं काम होतं. वर्तमानपत्र नको, ते आम्लयुक्त असतं आणि शाई सोडतं. बाहेरून नाव दिसणार नाही, म्हणून पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात क्रमांक टाका आणि वहीत यादी ठेवा. लेबल बघायला प्लेट जितकी कमी बाहेर येईल तितकी बरी.

एलपींना आतलं पाकीट पॉलिथीनचं किंवा पॉलिथीनचं अस्तर असलेलं चालेल. मऊ, जड, उग्र वासाचं पीव्हीसी टाळा, त्यानं विनाइलवर ढगाळ डाग येतात. आतल्या पाकिटाचं तोंड वरच्या बाजूला येईल असं फिरवून घाला, म्हणजे बाहेर काढताना रेकॉर्ड घरंगळत नाही आणि पुढच्या फटीतून धूळही शिरत नाही. बाहेरून प्लॅस्टिक घालत असाल तर तोंड उघडं असू द्या. आपल्या हवेत बंद केलंत की आत घाम धरतो.

कुडाळकरीण:
कपाटाचं वजन विसरू नका. लाखेच्या प्लेटा फसव्या जड असतात. एक फूट रुंदीत पंधरा किलोच्या वर सहज जातं. आमच्या सुतारानं पुस्तकांच्या हिशेबानं फळी टाकली, ती दोन पावसाळ्यांत पोटाला आली. मधे आधार द्या.

माजघर:
हे महत्त्वाचं. मी भिंतीवरचं शेल्फच बघत होतो.

आता त्या दोन अनोळखी प्लेटा. लेबल पार गुळगुळीत. काही उपाय आहे?

रेडिओग्राम६५:
आधी उरलेल्या सगळ्या लेबलांचे फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, आजच. फ्लॅश नको, खिडकीतून येणारा आडवा उजेड घ्या. उद्या आणखी एखादं गेलं तरी नाव हातात राहील.

अनोळखी प्लेटांसाठी: खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं त्या गुळगुळीत पट्ट्यात दाबलेले किंवा कोरलेले आकडे असतात. कधी ते लेबलाच्या कागदाखालीही असतात आणि वरून उठाव दिसतो. टॉर्च तिरपा धरा. तो मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. लेबलावरचा कॅटलॉग क्रमांक वेगळा, पण मॅट्रिक्सवरूनही जुन्या याद्यांत शोध लागतो. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे, जुन्या रेकॉर्डच्या अशा माहितीवर त्यांनी पुष्कळ काम केलंय.

आणि प्लेट खूप जुनी वाटत असेल तर शेवटपर्यंत ऐका. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जाननं गायलं तेव्हा गाणं संपताना ती आपलं नाव इंग्रजीत सांगायची. तेव्हा प्लेटा जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या. तिथल्या कामगाराला कुठल्या गाण्यावर कुठलं लेबल लावायचं ते कळावं कसं? त्या सुरुवातीच्या वर्षांत इतरही अनेक गायक शेवटी नाव सांगत. तुमच्या नशिबात असेल तर गायकच सांगेल.

माजघर:
कमाल आहे. एकीवर टॉर्च मारला. लेबलाखाली उठाव आहे, तीन अक्षरं आणि चार आकडे, पण पहिलं अक्षर ओ की क्यू ते कळत नाहीये. दुसरीवर आकडे आहेत पण बुरशीनं भरलेत. ब्रश आणतो. रात्री दोन्ही शेवटपर्यंत लावतो. पोलादी सुया आहेत आजोबांच्या डबीत, वापरलेल्या. चालतील?

तबकडीवेडा:
मुळीच नाही. एका बाजूला एक कोरी सुई. वापरलेल्या सुईनं नाव सांगायच्या आधीच ते खरवडून टाकाल. आणि शेवटी फोनोजवळ उभे राहा, डुलकी नको.