बेघर निवारा वाड्याजवळ नको म्हणणाऱ्यांनो, बोला

मांडवीकाठचा :
आमच्या पणजीतल्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, लागून पालिकेची एक इमारत कित्येक वर्षं रिकामी पडून आहे. तिथे बेघरांसाठी निवारा होणार अशी नुसती कुणकुण लागली आणि सह्यांचं पत्रक दारोदार फिरलं. मी सही केली नाही.

बेघर म्हणजे भिकारी, असं धरून चाललेत सगळे. कदंबा बसस्टँडवर रात्री एक चक्कर मारा. हॉटेलात भांडी घासणारे, स्लॅबच्या कामावरचे, किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी खानावळी) बंद झाल्यावर सुटलेले पोरगे, घरच्यांनी हाकललेले म्हातारे, सगळे तिथेच आडवे झालेले असतात. मागे एकाने मला कागद वाचायला दिला. गोमेकोचा (गोवा मेडिकल कॉलेजचा) डिस्चार्ज, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. दिवसाआड ड्रेसिंग, पाय उंचावर ठेवा, जखम भिजवू नका. ऐन जुलैत! टीबीवाल्याला तर किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्याला शोधायला आरोग्यसेविकेने कुठल्या फलाटावर जायचं?

लाख वस्तीमागे एक निवारा, चोवीस तास आणि बाराही महिने, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच राज्यांना बजावलंय.

फोंडेकर :
लाखाचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. 2011 च्या जनगणनेत पणजी महापालिकेची वस्ती जेमतेम 40 हजार. मग हिशेब कसा लावायचा? आणि सोय झाली की कोकण रेल्वे भरभरून माणसं येतील, ती कोण निस्तरणार? आपल्या म्हाताऱ्यांसाठी प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे सरकारी मदतसंस्थेचे, वृद्धाश्रम आहेतच. निवाऱ्याची फीत कापायला सगळे येतील हो. दुसऱ्या वर्षी संडास तुंबला की फोन कुणाला लावायचा ते सांगा. आमच्या मुली त्याच वाटेने ट्यूशनला जातात.

मांडवीकाठचा :
भाई, माणसं कामासाठी येतात, खाटेसाठी नाही. ती आलेलीच आहेत, तुमच्या मुलींच्या वाटेवरच झोपतात. आणि निवाऱ्यात झोपला म्हणून कोणी गोंयकार (गोव्याचा माणूस) होत नाही. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पैशांसाठी 15 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. उलट इथेच जन्मलेला, घराबाहेर काढलेला म्हातारा कागद घरात राहिले म्हणून त्या पैशांना मुकतो. निवाऱ्यातला कार्यकर्ता त्याच्याबरोबर मामलेदार कचेरीत जाऊन बसतो, हे अर्धं काम. संडासाचं मात्र मान्य.

शॅकवाल्यांचा शेजारी :
माझाही विरोध, पण कारण वेगळं. हंगामभर पोरांना राबवायचं, झोपायला किचनमागची फळी द्यायची, आणि सोय करायची पालिकेने? बाहेरच्या राज्यातून आणलेल्या कामगारांच्या राहण्याची जबाबदारी 1979 च्या कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. कोणी पाळली? निवारा उघडलात की मालक सुटले.

खोर्लीची वहिनी :
सगळे पुरुषांचंच बोलताय. एकाच हॉलमध्ये पडदा लावून ‘महिला विभाग’ केलात तर एकही बाई पाऊल ठेवणार नाही. वेगळं दार, वेगळं न्हाणीघर आणि रात्रपाळीला बाई माणूस लागतं. वेड लागलेल्या बायकांचे तर फारच हाल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी 24 तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात नेतीलही. औषधाने बरी झाली, घरचे न्यायला आले नाहीत, मग कुठे? आश्रमात साठीच्या आतल्यांना कोण घेतं? (आणि मुलींच्या वाटेची काळजी असेल, तर आधी तिथल्या बारबद्दल पत्रक काढा.)

मांडवीकाठचा :
वहिनी, दाराचा मुद्दा बैठकीत मांडतो. शॅकवाल्या मालकांना जरूर धरा, पण तोवर पोरगा झोपणार कुठे? आणि जखमवाल्याचा तर मालकच नाही.

फोंडेकर :
रात्रपाळीचा माणूस, बाई कर्मचारी आणि देखरेख समितीत वाड्यातले दोघे, हे पालिकेकडून लेखी आणा, मग वाचू. तोवर माझी सही पत्रकावर आहे ती आहे.