मदत हवी आहे: मोरचूद तापवल्यावर पांढरं का पडतं?

काटोलकडे आमची संत्र्याची छोटी बाग आहे. पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावायची म्हणून मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, तांब्याचं क्षार, आणलं, ते नागपूरच्या घरीच पडून होतं. पोरगी यंदा दहावीत जाईल. सुट्टीत तिने पुस्तकातला प्रयोग करायचा म्हणून त्यातले खडे फोडणीच्या लोखंडी पळीत घेऊन गॅसवर धरले. खडे आधी ओलसर झाले, मग कडेने पांढुरके, आणि पळीला तपकिरी-काळं काहीतरी चिकटून बसलं. पळी गेली. घरात जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी मी सोबत बसलो. तव्यात रेती, रेतीवर जुनी चिनी मातीची वाटी, मंद आच, खिडक्या उघड्या. २५ ग्रॅम घेतलं होतं, शेवटी मळकट पांढरी पूड उरली १८ ग्रॅम.

आता पोरीचा प्रश्न. तापवल्यावर पाणी उडतं, हे पुस्तकात आहे. पण पाण्याला तर रंगच नाही! मग ते गेल्यावर निळा रंग कसा जातो? आणि तांबं म्हणावं तर ते लालसर. दुसरं म्हणजे बाहेर ४५ अंश, हवा पापडासारखी कोरडी, तरी रात्री उघडी ठेवलेली पूड सकाळी फिकट निळी कशी झाली?

प्रतिसाद १ (रसायनवाली)

पोरीला शाबासकी द्या, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. रंग पाण्याचाही नाही आणि तांब्याच्या धातूचाही नाही. तो तांब्याच्या आयनाचा (विद्युतभार असलेल्या अणूचा) आहे, पण त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतो.

मोरचुदात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे चार रेणू चौकोनात असतात, वर-खाली सल्फेटचे (गंधक-ऑक्सिजनच्या गटाचे) ऑक्सिजन. पाचवा रेणू तांब्याला धरत नाही, सल्फेटच्या आधाराने राहतो. या शेजाऱ्यांमुळे आयनातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत फट पडते. पाणी शेजारी असताना ती फट अशी असते की प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि उरलेला आपल्याला निळा दिसतो. पाणी गेलं की त्याची जागा सल्फेटचे ऑक्सिजन घेतात. त्यांचा जोर कमी, म्हणून फट लहान होते आणि शोषण अवरक्त भागात सरकतं. ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून पूड पांढरी.

खात्री करायची तर झिंक सल्फेट आठवा, बागेत फवारता ना? त्याच्या खड्यात पाण्याचे सात रेणू असतात, तरी रंग नाही. जस्ताच्या आयनात त्या पातळ्या पूर्ण भरलेल्या असतात, इलेक्ट्रॉनाला उडी मारायला जागाच नाही.

आता वजन. मोरचुदात सुमारे ३६ टक्के पाणी, म्हणजे सगळं गेलं असतं तर १६ ग्रॅम उरायला हवं होतं. चार रेणू गेले तर हिशेब येतो १७.८. तुमच्या वाटीत पाचवा रेणू अजून आहे! तो निघायला २०० अंशांच्या वर तापमान लागतं. पण त्याच्या मागे लागू नका. फार तापवलं, साधारण ६५० अंशांपुढे, तर काळं कॉपर ऑक्साइड उरतं आणि घातक वाफा निघतात.

प्रतिसाद २ (बागवाला)

भाऊ, मोरचूद लोखंडात काऊन घेतलं? बोर्डो बनवताना आपण प्लास्टिकचा ड्रम घेतो तो यासाठीच. खडे तापून ओले झाले की लोखंड विरघळतं आणि तांबं पळीवर बसतं. मिश्रणात विळा बुडवून पाहतो ना आपण, पात्यावर लालसर थर आला तर चुना अजून टाकायचा. तेच तुमच्या पळीत झालं. आता त्या पळीत फोडणी नका देऊ बाप्पा, अन् ती वाटीही स्वयंपाकघरातून काढा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. विळ्याची गोष्ट मला माहीत असून पळीशी जोडता आली नाही. रात्रीच्या निळ्या रंगाचं मात्र राहिलं की.

प्रतिसाद ३ (रसायनवाली)

पूड ठेवली होती कुठे? कूलर चालू होता का त्या खोलीत?

धागाकर्ता

कूलरच्या अगदी समोर 🙂 म्हणजे त्याच्या दमट हवेतलं पाणी पुडीने ओढून घेतलं. आज उरलेल्या पुडीवर पोरीने ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब टाकले. चर्र आवाज, वाटी चांगलीच गरम, आणि थेंब पडले तिथे गडद निळं. पूड कुंडीत टाकणार होती, आईने अडवलं.