जन्मसालाचा एक घोट: जुनी वायनरी पाहिलेल्यांनी अनुभव लिहा

सावळजची_लेक
काल भावानं शेडवरनं यंदाचा पहिला बेदाणा पाठवला. पिशवीचं तोंड सोडलं, तो गोडसर आंबूस वास नाकात शिरला आणि मी सांगलीच्या स्वयंपाकघरातनं थेट ऑस्ट्रेलियातल्या एका पिंपांच्या कोठीत जाऊन उभी राहिले. अगदी हाच वास होता तिथं. म्हटलं लिहावंच.

लेक ॲडलेडला असते. दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा जावयांनी बारोसा खोऱ्यातली सेपल्ट्सफील्ड नावाची वायनरी दाखवायला नेलं. १८५१ सालची. जोसेफ सेपल्ट नावाचा माणूस तंबाखू लावायची म्हणून तिथं आला, तंबाखू काही साधली नाही, मग द्राक्षाकडं वळला. आमचे दादा, म्हणजे वडील, माळकरी. बाग चाळीस वर्षं केली, पण दारू उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. त्यामुळं मी नुसतं बघायचं ठरवूनच गेले होते.

१८७८ पासून तिथं दर साली वाइनचं पाचशे लिटरचं एक पीप बाजूला ठेवतात. उघडायचं शंभर वर्षांनी! पहिलं १९७८ मध्ये उघडलं. ज्यानं ठेवलं त्याला चव बघायला मिळणार नाही हे त्याला ठेवतानाच माहीत होतं. आणि आलेल्या पाहुण्याला त्याच्या जन्मसालाच्या पिपातला एक घोट चाखता येतो. जावयांनी माझ्यासाठी तोच ठरवला होता.

मी बहात्तरची, कार्तिकातली. आमच्याकडं बहात्तर म्हणजे काय ते सांगायला नको. महिना सव्वा महिना झाला तशी आई मला झोळीत टाकून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मिलो ज्वारी आणि सुकडीवर घर जगलं. आणि त्याच साली जगाच्या दुसऱ्या टोकाला द्राक्षं इतकी पिकली की एक पीप शंभर वर्षं बाजूला ठेवता आलं. त्यांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ते पीप माझ्याहून सहा-सात महिन्यांनी थोरलं. त्याच्यावर १९७२ बघितलं आणि मला रडूच आलं. मनात दादांना सांगितलं आणि घोट घेतला. बेदाणा, करपलेला गूळ, सुंठ, असं काहीतरी. घशातनं ऊब उतरत गेली.

शंभर वर्षांची जी वाइन असते ती नुसती हलवून दाखवली, पेल्याला अशी चिकटते की आपली काकवीच. पिपाच्या लाकडातनं वर्षानुवर्षं उडून जात जात उरते ती.

अजून एक सांगायचंय, पण कुकर झाला. तोवर तुम्ही लिहा.

कृष्णाकाठ
ताई, बहात्तर वाचून पोटात कालवलं. आमची आजी मिलोच्या भाकरीचा रंग अजून सांगते.

पलूस_पूर्व
मी लिहितो, पण माझा अनुभव वेगळा आहे. पाहुणा म्हणून नाही, द्राक्ष पिकवणारा म्हणून गेलो होतो.

सरकारचं वाइनचं धोरण २००१ ला आलं. दोन ठिकाणी वाइन पार्क ठरले, नाशिककडं विंचूर आणि आपल्याकडं पलूस. आम्ही दोघा भावांनी एका कंपनीशी करार केला आणि दीड एकर शिराझ ही वाइनची द्राक्षं लावली. त्यांनी आम्हाला एक चालू वायनरी दाखवायला नेलं. स्टीलच्या उंच टाक्या, आत रस खदखदतोय आणि हात लावला तर टाकी गार. रस तापू नये म्हणून बाहेरनं थंड पाणी खेळवतात. मी विचारलं तांबडा रंग कुठनं येतो? तो म्हणाला, सालीतनं. गर तर बहुतेक सगळ्यांचा पांढराच. आयुष्य द्राक्षात गेलं आणि हे मला तिथं कळलं.

त्या दिवशी परत येताना मोटरसायकलवर आम्ही गाणी म्हणत आलो होतो. आपलं द्राक्ष बाटलीत जाणार, त्यावर गावाचं नाव येणार.

चौथ्या वर्षी कंपनीनं माल उचलणं बंद केलं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बिया दोन-दोन. बाजारात कोण घेतंय ते? बेदाणा होत नाही. घड वेलीवरच काळे पडले. शेवटी खोडं कापून थॉमसन या खायच्या द्राक्षाचं कलम मारलं. कोणाला दोष देऊन काय होत नाही आता. पण ताई, शंभर वर्षं एक पीप राखणारी माणसं आहेत हे वाचून बरं पण वाटलं आणि वाईट पण.

सावळजची_लेक
दादा 🙏 खोडं कापताना काय झालं असेल ते बागायतदाराच्या घरातल्यालाच कळेल.

चाफा
थॉमसन का तास-ए-गणेश? आमच्याकडं तास-ए-गणेशच चालायचं सगळीकडं.

पलूस_पूर्व
थॉमसनचा क्लोन दोन लावून बघितला, टिकला नाही. तास-ए-गणेश पण थॉमसनमधूनच निवडलेली ना. आता सोनाका आहे थोडी, माणिक चमन आहे. बेदाण्याला माणिक चमन बरी पडती.

माहुली_संगम
सातारकर हजर. बोटीवर होतो वीस वर्षं. केपटाउनला बोट लागली की सगळे बाजारात, मी एकटा ग्रूट कॉन्स्टान्शियाला. १६८५ ची आहे ती, डच गव्हर्नर सायमन व्हान डेर स्टेलनं वसवलेली. पांढऱ्या भिंतीची कमानदार घरं, मागं डोंगर. गाइड सांगत होता, नेपोलियनला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं तेव्हा इथली गोड वाइन त्याच्याकरता जायची. ते ऐकलं आणि मला आपले प्रतापसिंह महाराज आठवले. १८३९ ला गादीवरून काढून काशीला नेलं, तिथंच गेले १८४७ ला. काशीत त्यांना साताऱ्याचं काय खावंसं वाटत असेल? कोणी पोचवत असेल का? चव बघायची राहिली बाजूला, मी तिथल्या एका झाडाखाली हाच विचार करत बसलो.

गुळाचा_खडा
माहुलीकर, कंदी पेढे पोचवले असतील कुणीतरी 🙂

माहुली_संगम
पोचवले असले तर फार बरं झालं.

बोर्गावचा_बाळू
आमच्या तालुक्यात पाच वर्षांच्या पोराला विचारा, बोर्डो म्हणजे काय? म्हणेल मोरचूद आणि चुना, बागेवर मारायचं औषध. मला पण तेवढंच माहीत होतं 😀 कृषी पदवीनंतर सहा महिने फ्रान्सला गेलो तेव्हा खरं बोर्डो गाव बघितलं. मेडोक भागात जुन्या हवेल्या आणि त्यांच्या वेली. तिथली गोष्ट अशी, रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडायचे, म्हणून मालक मोरचूद-चुना मारून पानं निळी विद्रूप करायचे. १८८२ च्या सुमारास मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की दावण्या रोगानं सगळी बाग गेली, पण रस्त्याकडेच्या त्या निळ्या ओळी तेवढ्या हिरव्या आहेत. १८८५ ला त्यानं ते जगाला सांगितलं. चोरासाठी मारलेलं औषध!

टेस्टिंगला थुंकायला भांडं ठेवतात. मला ते जमेना, द्राक्षाचं असं थुंकायचं? शेवटी तिथल्या आजोबांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, बाळा, दहा प्याले चाखायचेत, थुंकला नाहीस तर चौथ्यापासनं जीभ काही सांगणार नाही. मी त्यांना घरच्या बागेचे फोटो दाखवले. वर्षातनं दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, हे त्यांना पटेचना. त्यांच्याकडं थंडीत वेल झोपते, एकदाच छाटतात. आपली वेल झोपतच नाही म्हटल्यावर म्हणाले, मग दमत नाही का? काय उत्तर देणार. आई पण दमत नाही म्हणायची.

चाफा
😢 शेवटची ओळ.

वांगी_कडेगाव
यंदा दावण्यानं आमची अर्धी बाग गेली. बोर्डो किती टक्के मारता? फुलोऱ्यात मारलेलं चालतं का?

बोर्गावचा_बाळू
फुलोऱ्यात नको दादा. फोन करा, सविस्तर बोलू, इथं अर्धवट वाचून कुणी काहीतरी करून बसायचं.

कवठेची_काकी
मोबाइलवर टाइप करायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

आमचे हे गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. पावणेदोन एकर बाग, सोसायटीचं कर्ज, पदरात दोन पोरं. दीर म्हणाले विकून टाक. नाही विकली. छाटणीला माणसं ऐकायची नाहीत, बाईचं काय ऐकायचं. आता एकवीस वर्षं झाली.

मागं बागायतदारांबरोबर फ्रान्सचा दौरा घडला. रँस गावात जमिनीखाली खडूच्या जुन्या खाणी आहेत, त्यात शॅम्पेनच्या बाटल्या ठेवतात. वर उन्हाळा, खाली शाल घ्यावी लागली. तिथल्या एका जुन्या कंपनीच्या नावातच व्हव असा शब्द आहे. मी आमच्याबरोबरच्या पोरीला विचारलं याचा अर्थ काय. ती गप्प. मग हळूच म्हणाली, काकी, विधवा.

बाटलीवर लिहिलंय, सगळ्या जगात. व्हव क्लिको, म्हणजे क्लिकोंची विधवा. नवरा १८०५ ला गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिकडं तेव्हा नवऱ्याच्या परवानगीशिवाय बाईला धंदा करता येत नव्हता, विधवेला येत होता. तिनं केला. बाटलीतला गाळ कसा काढायचा त्याची युक्ती तिच्याच तळघरात निघाली. लाकडी फळीला भोकं पाडून बाटल्या उलट्या लावायच्या, रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, गाळ बुचाशी येतो. मला फिरवून बघायला दिली एक.

आपल्याकडं हळदीकुंकवाला मला बोलवत नव्हते. तिथं तो शब्द बाटलीवर छापलाय. मी त्या पोरीला म्हणाले, माझा फोटो काढ इथं. घरात लावलाय तो, यांच्या फोटोशेजारी.

प्यायले का विचाराल तर हो, थोडी. नाकात गुदगुल्या झाल्या.

सावळजची_लेक
काकी, मी आत्ता तिसऱ्यांदा वाचतेय. तुमच्याकडं हळदीकुंकवाला मी येणार, तुम्ही करा.

चाफा
मी पण.

कृष्णाकाठ
मी पुरुष आहे, पण तिळगूळ घ्यायला येतो काकी.

कवठेची_काकी
या सगळे. बाग पण दाखवते.

ज्ञानबा_मिरज
सगळ्यांचे अनुभव चांगले आहेत. पण मनापासून विचारतो, सावळजच्या ताई, माळकरी घरातल्या लेकीनं घोट घ्यावा का? आमच्या गल्लीत दारूनं तीन घरं उठली. म्हणून विचारलं, राग नसावा.

सावळजची_लेक
राग कशाचा काका. मलाही त्या रात्री झोप नव्हती. परत आल्यावर दादांना खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझ्या सालचं होतं ना? तुझं तू चाखलंस. परत नको. आणि परत घेतलेली नाही. तुमच्या गल्लीतल्या घरांचं दुःख मला समजतं.

ज्ञानबा_मिरज
रामकृष्णहरी. दादांना दंडवत सांगा.

गुळाचा_खडा
इतकं लांब न जाता बघायचं तर अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली वायनरी आहे. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, तीन घरातल्या भावांनी मिळून काढली. इटलीचं सांजोवेसे वाण माळशिरस तालुक्याच्या उन्हात लावलंय. आम्ही पंढरपूरला गेलो तेव्हा तेही बघून आलो. सासूबाई गाडीत बसल्या नाहीत, वेलींच्या ओळी बघून आल्या आणि म्हणाल्या, तण चांगलं काढलंय.

सावळजची_लेक
राहिलेलं सांगते. सेपल्ट्सफील्डला जायच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी खजुराची उंच झाडं आहेत, मैलोगणती. १९३० च्या मंदीत वाइनला गिऱ्हाईक नव्हतं, हाताला काम नव्हतं. त्या घराण्यानं माणसं काढली नाहीत, त्यांना झाडं लावायच्या कामावर घेतलं. हे ऐकलं आणि मी लेकीला म्हणाले, अगं, हे दुष्काळी काम!

घरी आल्यावर आईला हे सांगितलं. ती आता ऐंशीच्या पुढं आहे. तिनं पिपाचं काही विचारलं नाही, शंभर वर्षांचं काही विचारलं नाही. म्हणाली, आम्ही फोडलेल्या खडीचा रस्ता दोनदा उखडून झाला. त्यांची झाडं जगली का?

मोबाइलवरचा फोटो दाखवला. तो तिनं हातात धरून ठेवला होता, स्क्रीन बंद झाली तरी.

वांगी_कडेगाव
ताई, भावाचा बेदाणा हिरवा आहे का पिवळा? दहा किलो पाहिजे होता, लेकीचं बाळंतपण आहे.

सावळजची_लेक
हिरवा. गुरुवारी सांगलीत देते. लेकीला जपा.